दाजींचं कागदाचं रान

बारशीपासनं सोलापूर काय लई लांब न्हाय, पर आमच्या गल्लीत सोलापूर न बघितलेली मानसं ढिगानं हायत. गिरन्या, धूर आन् शिद्धेश्वराचं तळं, येवढं त्यास्नी ऐकून ठाव. त्यांच्यासाठी ह्ये लिवायला घेतलंय. मी साळंत दुसरीपातूर गेलो, आन् तितंबी मास्तरांनी मला फळ्याकडं तोंड करून कमी आन् भिताडाकडं तोंड करून जास्त बसवलं. वाचायला शिकलो त्ये शेटजींच्या किराणा दुकानात, रद्दीवर. तितं माझं काम पुड्या बांधायचं. जुनी वर्तमानपत्रं चुरगळून येत्यात, ती तळहातानं सरळ करायची, दगडाखाली दाबायची, दाबली की कापायची, आन् त्यात डाळ, जिरं, हळद बांधायची. कापता कापता वाचतो. त्यामुळं जगातल्या परत्येक बातमीचं वरलं निम्मं मला ठाव असतं. खालचं निम्मं गिऱ्हाइकाच्या घरला गेलेलं असतं. तवा ह्यात कुटं काय अर्धवट वाटलं तर समजून घ्या.

आता मी सोलापूरला का गेलो त्ये सांगतो. माझी धाकटी बहीन गोदी तितं दिलीया. तिचा नवरा, माणिकदाजी, साळंत चित्रं काढायला शिकवायचा. मानूस गोरागोमटा, कमी बोलनारा, बिडीकाडीचं येसन न्हाय. आमी समदे खूश व्हतो. तर येक दिस चादरी इकनारा फेरीवाला आमच्या वट्ट्यावर पानी प्याला टेकला आन् आईला म्हनला,

"तुमच्या जावयानं साळा सोडली की. ठाव न्हाय व्हय?"

आई जात्याम्होरं बसली व्हती. जातं थांबलं.

"सोडली म्हंजे?"

"सोडलीच. सरकीचं येक रिकामं गोदाम भाड्यानं घेतलंय. दिसभर कागदाच्या घड्या घालतो, आड्याला टांगतो, आन् मंग हात पसरून त्या कागदातनं येकटाच हिंडतो. असा." आन् त्या बाबानं आमच्या वट्ट्यावर हात पसरून हिंडून दाखवलं. "मंदीच थांबतो, हासतो, परत हिंडतो. तुमची लेक तितंच भाकरी घिऊन जाती बिचारी."

फेरीवाला गेला. आईनं त्या दिवशी पीठ अर्धंच दळलं.

आमच्यात लेक गठुडं घिऊन येकदा माहेरी आली की तिचं परत जानं अवघड. कोन धरून ठिवत न्हाय, पर गल्ली बोलून बोलून तिचे पाय बांधती. म्हनून आईचा जीव दोनी बाजूनं टांगलेला. ठिवावी तर येड्याजवळ, आनावी तर जल्माची हितं.

"म्हादा," आई म्हनली, "तू जा. डोळ्यानं बग. डोस्कं फिरलेलं असंल तर गोदीला घिऊनच ये. नसंल तर काय बोलू नगं."

"पर मला कसं कळंल गं? मला तर शेटजी शहाना वाटतो."

तवा आईनं तिच्या माहेरची कसोटी सांगितली. शेंगाच्या चटनीच्या दोन पुड्या दिल्या. येकीत मीठ, येक आळणी. "आळणी त्याच्या ताटात वाढ. शहाना मानूस पैल्या घासाला वरडतो. येडा मुकाट जेवतो. आमच्या मावसभावाचं आसंच कळलं व्हतं."

कुर्डवाडी

बारशीची लहान, अरुंद रुळांची गाडी कशी चालती हे आमच्या मानसास्नी सांगायला नगं. कुर्डवाडीला उतरून मोठ्या गाडीची वाट बघत बसलो. भूक लागली. कडक भाकरी काडली, येक पुडी सोडली आन् जेवलो. चटनी आशी झकास झाली व्हती की पुडीचा कागदबी पुसून घेतला. शेजारी येक म्हातारं बसलं व्हतं, त्याला म्हनलं, "आमच्या आईच्या हाताला चव हाय." त्यानं चिमटीभर तोंडात टाकली आन् माज्याकडं बगतच ऱ्हायलं. मला वाटलं, चवीनं गार झालं.

मोठ्या गाडीत चढताना माझं धोतर कुनाच्या तरी ट्रंकंत अडकलं. धोतर वाचलं, लाजबी थोडी वाचली. म्होरचं सांगत न्हाय.

गोदीचं घर

गोदीचं घर साळ्यांच्या वस्तीत. तेलंगी साळी. घराघरात माग, आन् मागांचा खटाखटा आवाज आसा की दोन मानसं येकमेकाच्या नाकाम्होरं उभी ऱ्हाऊन वरडत्यात, आन् त्यास्नी वाटतं आपन हळू बोलतोय. आमच्या बारशीला अडत्याच्या दुकानातबी येवढं वरडत न्हाईत. येकच बाई कोंबड्याला तेलगूतनं हाकलती, पोराला मराठीतनं शिव्या घालती आन् भाजीवालीशी दखनीतनं भांडती. मला येकच भाषा येती, तीबी आशी.

शेजारच्या नरसम्मानं मला दारातच धरलं. म्हातारी, कपाळाला रुपयायेवढं कुंकू.

"अन्ना, कोन पायजे?"

"गोदीचा भाऊ मी. बारशीचा."

"हां! अन्ना आला! ये गोदाबाई, तुझा अन्ना आला, लई मोठा हाय की!" मोठा म्हंजे माझं पोट. त्ये तिनं हातानं दाखवलंबी.

गोदी पळत आली. वाळली व्हती का? न्हाय. रडून डोळे सुजले व्हते का? न्हाय. उलट बोटांच्या टोकास्नी पांढरी पांढरी खळ लागलेली, आन् हासत व्हती. मला तर जास्तच भ्या वाटलं. मनात म्हनलं, पोरीनं दुख गिळून टाकलंय.

राती जेवाया बसलो. दाजी हात धुऊन आले. मी घाईघाईनं पुडी सोडली आन् दाजींच्या ताटात चटनीचा ढीग घातला. दाजींनी घास घेतला. मी श्वास धरला. दाजी जेवाया लागले. दुसरा घास. तिसरा. येक शबूद न्हाय. संपलं म्हनलं, गोदीचं नशीब.

तवर गोदीनं तीच चटनी बोटानं चाटली. "आईच्या हातचं मीठ बग कसं बेतशीर असतं, दादा!"

दाजी म्हनले, "खरंच छान आहे."

म्हंजे कुर्डवाडीला मी पुसून खाल्ली ती आळणी! त्यो म्हातारा का बगत ऱ्हायला त्ये तवा कळलं. आईच्या कसोटीत येडा सापडला व्हता, पर जावई नव्हता.

गोदाम

सकाळी मी गाढ झोपलो व्हतो आन् येकदम कुनीतरी डोंगराचा गळा दाबल्यासारखा आवाज झाला. मी वाकळ घिऊन तसाच रस्त्यावर. "पळा! पळा!" रस्त्यातनं गिरनीचे कामगार डबे घिऊन लगबगीनं चालले व्हते. त्यातला येक म्हनला, "आवो, गिरनीचा भोंगा हाय. तुमी पळू नगा, आमीच पळतोय." आमच्याकडं कोंबडा आरवला की उठत्यात. कोंबड्याला निदान दगूड मारता येतो.

च्या पिऊन मी दाजींच्या मागं गोदामात गेलो. ते त्याला चित्रशाळा म्हनत्यात. लांबच्या लांब खोली, उंच आडं, वरच्या झरोक्यातनं उजेड तिरका येतो. चित्र मात्र येकबी न्हाय. निस्ता कागद. पांढरा, भुरा, पिवळा. कुटं पंख्यासारखा घडी घातलेला, कुटं करवतीच्या दातावानी, कुटं पाण्याच्या लाटंवानी. मागाच्या सुतानं आड्याला टांगलेला. काही मानसायेवढे उंच. आमी दार लोटलं तसा समदा कागद सळसळला, जसा मला बगून बाजूला झाला.

"पाव्हणं, इथं उभे राहा," दाजी म्हनले. "काय दिसतं?"

"कागद."

"आता दोन पावलं डावीकडं या. आता?"

"कागदच की. जरा जास्त."

दाजी हिरमुसले न्हाईत. त्यांनी येक कोरा कागद भुईवर टाकला. "हा पडलाय. याला आत-बाहेर काही नाही." मंग मधोमध घडी घालून उभा केला. "आता बघा. उभा राहिला. याला आत आलं, बाहेर आलं, सावली आली. एका घडीनं."

मला काय तरी बोलायला पायजे व्हतं. मी म्हनलं, "आमच्या पुडीलाबी आत असतं. जिऱ्यासाठी."

दाजी माज्याकडं बगून येवढे हरखले! "तेच! तेच म्हणतोय मी!"

मी तेच काय म्हनलं व्हतं त्ये मला आजून ठाव न्हाय.

मंग त्यांनी हात पसरले. आन् फेरीवाल्यानं दाखवलं हुबेहूब तसंच त्या कागदातनं चालाया लागले. हळू. मंदीच थांबले. मागं वळून कागदाकडं बगितलं, हासले, परत चालले. मी दाराच्या चौकटीला धरून उभा. भाईर मागांचा खटाखटा चालू, आन् आत माझ्या बहिनीचा नवरा कागदाशी लपंडाव खेळतोय.

आता गोदीला इचारायचं कसं? "तुझा नवरा येडा हाय का गं?" आसं भावानं इचारायची रीत कुटंच न्हाय, सोलापुरातबी नसंल. दोनदा तोंड उघडलं. येकदा म्हनलं, "गोदे, हितं पानी कसं हाय?" दुसऱ्यांदा म्हनलं, "गोदे, हितं डास लई हायत न्हाय?" ती म्हनली, "दादा, तुला बरं न्हाय का?"

सरळ केलेलं काम

शनवारी दाजी सकाळीच इस्टेशनावर गेले. कुनी मोठं मानूस येनार व्हतं, त्याच्या उतरायची सोय बगायला. गोदी नदीवर न्हाय, नळावर धुनं घिऊन गेली. जाताना मला म्हनली, "दादा, गोदामात जरा बस. दार उघडं हाय, शेळ्या शिरत्यात."

मी येकटा बसलो. शेळ्या आल्या न्हाईत. त्यापरीस वाईट झालं. मला इचार आला.

इचार आसा, की दाजींच्या डोसक्यात ह्यो कागदच शिरलाय. कागद वाकडा म्हनून डोस्कं वाकडं. कागद सरळ झाला तर मानूसबी सरळ व्हईल. परत साळंत जाईल, गोदी हितंच ऱ्हाईल, आईचं जातं फिरंल. आन् दुमडलेला कागद सरळ करन्यात तर आख्ख्या बारशीत माझा हात कोन धरत न्हाय!

धोतर खोचलं आन् लागलो कामाला. येक येक कागद आड्यावरनं उतरवला. घडी उलगडली. भुईवर पसरला, तळहातानं दाबून दाबून गुळगुळीत केला. पंखे, करवती, लाटा, समदं सपाट. लई झ्याक काम. कोपऱ्यात जुन्या सरकीच्या तराजूचे दगडी धोंडे पडले व्हते, ते वर ठिवले. घामाघूम झालो, पर मनाला आसं गार वाटलं म्हनून सांगू! खोली कशी मोकळी, ऐसपैस. शेटजी असते तर पाठीवर थाप मारली असती. आजपातूर मारली न्हाय, पर त्या दिवशी मारली असती.

गोदी भाकरी घिऊन आली. दारात थांबली. आड्याकडं बगितलं. नुसतं सूत लोंबत व्हतं. भुईकडं बगितलं. भाकरीचं फडकं हातातनं निसटलं.

"दादा, ह्ये काय केलंस?"

"आवरून दिलं गं. किती पसारा व्हता."

ती मटकन खाली बसली. "उद्या नाटक मंडळीचे मालक बगाया येनारेत. ह्यांनी त्यास्नी रान करून दिलंय. नाटकात येकलीच बाई रानातनं जाती, तवा तिच्या मागं-म्होरं रान हलाया पायजे. रंगवलेला पडदा हलत न्हाय, निस्ता फुगतो. म्हनून ह्ये समदं. साळा सोडून ह्ये समदं. मालकास्नी आवडलं तर मंडळीच्या पुढच्या समद्या नाटकांचं काम हाय. न्हाय तर..."

म्हंजे येडेपना नव्हता. काम व्हतं. आन् त्ये काम मी आत्ताच दगडाखाली घातलं व्हतं. देवाशपथ सांगतो, मला त्या येळी येडा दाजी परवडला असता.

दाजी आले. दाजींनी आड्याकडं बगितलं, कागदाच्या थप्पीकडं बगितलं, माज्या खोचलेल्या धोतराकडं बगितलं. त्यांचा चेहरा भिंतीवानी पांढरा झाला. भाईर गेले आन् पायरीवर बसले. म्हनलं आता खरंच डोस्कं फिरनार, आन् फिरवनारा मी.

बऱ्याच येळानं ते आत आले. आवाज आसा बारीक, की मागांच्या आवाजात मला कान पुढं करावा लागला.

"पाव्हणं, किती फाटले?"

"येकबी न्हाय, दाजी. फाटू दिनार व्हय? रोजचं काम हाय माझं."

"आणि पुडीएवढे कापले किती?"

"न्हाय अजून. कापायचं जेवनानंतर करनार व्हतो."

दाजींनी माज्याकडं बगितलं. खाली बसले, धोंडा सरकवला, वरला कागद घेतला. दोन टोकं दोन हातात धरून जरासं आत ढकललं. आन् त्या सपाट कागदात, जितं जितं जुन्या घड्या व्हत्या, तितं तितं त्यो हळूच उठला. डोंगर वर, दरी खाली, पार पयल्यावानी. मी दाबलं व्हतं आंगातला जोर लावून, पर घडीची खूण कागदानं सोडली नव्हती.

"हा वाचला," दाजी म्हनले. मंग येकदम खदाखदा हासाया लागले. पोट धरून. "जेवणानंतर कापणार होते! गोदा, ऐकलंस का? जेवणानंतर!"

माज्या छातीवरचा धोंडा उतरला. कागदांवरचे अजून उतरवायचे व्हते.

घड्या

दुपारपासनं आमी तिघं बसलो, मागनं नरसम्मा सुताची गुंडी घिऊन आली. कागद उठत व्हते, पर उठवायला हातांची रीत लागती. मी येक धरला, उलटा दुमडला. डोंगराच्या जागी दरी. दाजींनी हळूच काडून घेतला, म्हनले, "तुम्ही पाणी आणा, पाव्हणं." पानी आनलं, त्ये सांडलं, येका कागदावर. मंग मला "तुम्ही नुसतं बसा" म्हनले. त्ये मला जमलं.

बसल्या बसल्या मी गोदीकडं बगत ऱ्हायलो. सगळ्यात मोठा कागद, रानाच्या मधल्या झाडाचा, दाजींनी तिच्याम्होरं सरकवला. इचारलं न्हाय, सांगितलं न्हाय. तिनं पदर खोचला, गुडघ्यावर बसली आन् दोनी हातांनी लुगड्याच्या निऱ्या घालतात तसं त्यो कागद गोळा करीत गेली. सरसर. कागद तिच्या हाताखालनं आसा निघाला, जसा वळचणीचं पानी. दाजी आपलं काम सोडून बगत ऱ्हायले. म्हंजे ती गोदामात भाकरी घिऊन येती ती निस्ती भाकरी द्यायला येत नव्हती.

घडी घालता घालताच, वर न बगता, तिनं इचारलं, "दादा, तू मला न्यायला आलास न्हाय का?"

दाजी सूत आनायला भाईर गेले व्हते. नरसम्मा ऐकून न ऐकल्यासारखी गुंडी सोडत व्हती.

"व्हय," मी म्हनलं. "आई म्हनली, डोस्कं फिरलं असंल तर आन."

"मलाबी पयल्यांदा तसंच वाटलं व्हतं." तिनं घडीवर नख वढलं. "साळा सोडली तवा मी ह्यांच्याशी बोललेच न्हाय. गठुडं बांधून ठिवलं व्हतं. ठाव हाय? मंग म्हनलं, जायच्या आदी बगावं तरी काय करत्यात. हितं आले. कागदाला उगं हात लावला." ती हासली. "त्यो आजून निघाला न्हाय."

"मंग आता?"

"आता काय. गठुड्यातली लुगडी कवाच नेसून फाटली." मंग मातर ती थांबली. "पर उद्या मालक नगं म्हनले, तर लोक काय बोलतील त्ये मलाबी कळतं, दादा. तवा तू काय करनार?"

नरसम्मानं मान वर केली. "अन्ना काय करील? अन्नाला निस्तं बसायला सांगितलंय."

आइतवार

मालक आले. जाडजूड मिशी, जरीचा रुमाल, हातात काठी. घोगरा आवाज. गोदामभर फिरून बगितलं. कागद टांगलेले, झरोक्यातला उजेड पडलेला, पर वारा पडला व्हता. समदं गप.

"मास्तर, दिसतंय बरं. पण हे हलतं कुठं?"

"माणूस चालला की हलतं. वाऱ्यावर नाही, चालण्यावर."

"मग चालवा की कोणाला तरी."

दाजींस्नी दिवा धरून सावली दाखवायची व्हती. गोदी दाराआड. परक्या मानसाम्होरं आमच्यातली बाई तशी चालनार न्हाय, आन् मालकांच्या नाटकातबी बाईचं काम गडीच करत व्हता. आमी समदे येकमेकाकडं बगितलं. मंग समदे माज्याकडं.

"न्हाय," मी म्हनलं.

"लुगडं पायजे," दाजी म्हनले. "पदराचा वारा लागतो त्याला."

गोदीनं दाराआड मला तिचं लुगडं नेसवलं. आख्खं नऊवारी माज्या पोटाभवती येवढं खर्ची पडलं की निऱ्यांना दोन बोटं उरलं. ती हासून हासून टेकली. "हलू नगंस, दादा. शपथ हाय, हलू नगंस." नरसम्मानं माज्या कपाळाला तिचं रुपयायेवढं कुंकू लावलं.

मी रानात शिरलो. डोक्यात येकच, कशाला धक्का लागला तर संपलं. पोट आत घेतलं, श्वास धरला, चोरावानी पाऊल टाकत गेलो. ह्या टोकापासनं त्या टोकापातूर. येक कागद हलला न्हाय.

मालकांनी काठी भुईवर टेकवली. "मास्तर, पडदे बरे आमचे."

दाजींनी दिवा आजून वर धरला. आन् दाराआडनं गोदीचा आवाज आला, माहेरचा, गल्लीत हाका मारायची त्यो:

"दादा! मेल्यावानी काय चालतोस? शेटजींनी हाक मारल्यावर पळतोस तसा ये की!"

मी श्वास सोडला. पोट भाईर आलं. आन् चाललो, जसा रोज गोनी खांद्यावर घिऊन दुकानात चालतो तसा, धपाधपा, पदर मागं फडफडतोय. पयला कागद माज्या आंगाला न लागताच वळला. मंग दुसरा. घडीची पांढरी बाजू उजेडात यायची, मी गेलो की अंधारी बाजू फिरायची. म्होरं वाट व्हायची, मागं मिटायची. भिंतीवर सावल्या माज्या पाठीमागं पळत व्हत्या. मी मधल्या झाडाखाली थांबलो, तर रान थांबलंच न्हाय. त्ये चालतच ऱ्हायलं, माज्याभवती, हळू हळू, सळसळत. मी वर बगितलं. खोली केवढी झाली व्हती! काल मी मोकळी केली तवा येवढी मोठी नव्हती.

वर बगत चाललो ते थांबायचं कळलंच न्हाय. म्होरच्या दारातनं थेट रस्त्यावर. लुगडं नेसून, कुंकू लावून, मिशीसकट. तितं भाजीवाली व्हती. तिनं टोपली खाली ठिवली आन् मला नमस्कार केला. का केला, देव जाने.

आत आलो तवा मालक रानात उभे व्हते, हात पसरून, हुबेहूब दाजींवानी. थोडं चालायचे, थांबायचे, मागं वळून बगायचे. आन् हासत व्हते.

"मास्तर," ते म्हनले, "हे मला पाहिजे. आणि पुढच्या नाटकाचा समुद्रपण तुम्हीच करा. मंडळी इथनं हलायच्या आत बोलू." मंग माज्याकडं काठी करून, "ह्यांना मात्र नको."

दाजी खाली बसले, दिवा तसाच हातात. मी दाराआड डोकावलं तर गोदी भिताडाला टेकून, तोंडात पदर धरून उभी. मला बगितलं आन् माज्याच निऱ्यात, म्हंजे तिच्याच लुगड्यात, तोंड पुसलं.

बारशी

दुसऱ्या दिवशी परत निघालो. नरसम्मानं वाटंसाठी भाकऱ्या दिल्या. दाजी इस्टेशनापातूर आले. गाडी हालली तवा म्हनले, "पुन्हा या, पाव्हणं. आवरायला नको. नुसतं या."

बारशीला घराच्या दारात आई उभी. मी येकटाच दिसलो. तिनं माज्या मागं बगितलं, बोळाच्या टोकापातूर बगितलं. घरात कोपऱ्यात धुतलेली वाकळ घालून ठिवली व्हती, गोदीसाठी.

"न्हाय आली?"

"न्हाय."

"का? त्यो येडा न्हाय?"

मी गाडीत समदं कसं सांगायचं त्ये जुळवून आलो व्हतो. रान, मालक, लुगडं. ऐन येळी येकबी सुचलं न्हाय.

"आई, त्यो येकटाच येडा असता तर घिऊन आलो असतो. पर दोगंबी हायत. दोगं मिळून येकच येड हाय त्यांचं, आन् तिचा हात त्याच्यापरीस जास्त चालतो."

आई खाली बसली, तिथंच उंबऱ्याजवळ.

"जेवन हाय का काय?" ती म्हनली. "मला भूक लागलीया."

मी गेल्यापासनं तिनं धड खाल्लं नव्हतं, हे मला शेजारनीनं मागनं सांगितलं. आमच्यात बायका समद्यांच्या मागनं जेवत्यात. गड्यानं चुलीजवळ जायचं तर आईच हात धरून भाईर काढती. त्या दिवशी मी चुलीजवळ गेलो, थाळी घेतली, भाकरी वाढली, उंबऱ्यात नेऊन दिली. आई माज्या आधी जेवली, माज्याम्होरं बसून, सावकाश, येकेक घास बारीक चावून. मी पानी घिऊन उभा व्हतो. तिनं आजून येक भाकरी मागितली.